अकरा मिलीमीटर आणि जुनी फिल्म

तीर्थस्वरूप दादांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार (बरगड्या दुखावल्यामुळे सध्या चारच अंगांचा घातला आहे, उरलेली चार बरी झाली की पुरा करीन). तुमचे दोन्ही नवे गुडघे काय म्हणतात? जिना चढताना उजव्यातून 'टक' असा आवाज येतो, असं भाची फोनवर म्हणत होती. येत असेल तर ज्याने बसवला त्याला जाऊन विचारा, भीड धरू नका. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढून आपण दोघांनी पोटं भरली, आता स्वतःच्या गुडघ्याच्या वेळी संकोच कशाला? भाचीला आणि जावईबापूंना आशीर्वाद. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. (हे वाक्य पत्रात लिहावंच लागतं म्हणून लिहिलं. तुम्ही पुढे वाचा.)

तुमच्या बहिणीने तुम्हाला फोन केला असेलच, आणि अगदी साध्या आवाजात 'ह्यांच्या छातीत काहीतरी निघालंय' असं सांगितलं असेल. निघालं वगैरे काहीही नाही. जे आहे ते आतच आहे, आणि माझी परवानगी मिळेपर्यंत आतच राहणार आहे. सध्या घरात सगळं भांडण त्या परवानगीवरून चाललं आहे. मी एका बाजूला आणि बाकीचं जग दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी झाली आहे. म्हणून म्हटलं, निदान तुम्हाला तरी माझी बाजू माझ्या अक्षरात कळावी.

आता पहिल्यापासून सांगतो. अकरा दिवसांपूर्वी मी बाहेरच्या खोलीतला पंखा पुसायला लोखंडी स्टुलावर चढलो. (तुमच्या बहिणीने दोनदा बजावलं होतं की सूनबाई संध्याकाळी आल्यावर पुसेल. त्यावर मी म्हटलं होतं, बासष्टाव्या वर्षी पंखा पुसायला परवानगी लागणार असेल तर जगून करायचं काय. हे वाक्य आता मला रोज सकाळ-संध्याकाळ ऐकवलं जातं.) हे तेच स्टूल, ज्याचा मोडका पाय मी गेल्या वर्षी घरच्या घरी वेल्डिंग करून जोडला होता. जोड दिसायला सुरेख होता. मीच मारला, मीच तपासला आणि मीच पास केला. तो पंख्याच्या दुसऱ्या पात्यापर्यंत टिकला. हसा, पोट धरून हसा. मी वेल्डर म्हणून कारखान्यात लागलो तेव्हा बॉयलरच्या नळीवरचा माझा पहिलाच जोड तुम्ही भिंगातून बघून नापास केला होता, पुढे मला तुमच्या हाताखाली, जोडांचे एक्सरे वाचायच्या फिल्मच्या खोलीत ओढलंत, आणि त्यानंतर दीड वर्षाने त्याच माणसाला बहीण दिलीत. यातला कोणता निर्णय चुकला यावर तुमच्या बहिणीचं मत ठाम आहे.

पडलो तो टेबलाच्या कडेवर. श्वास घेताना कळ यायला लागली म्हणून हॉस्पिटलात नेलं, आणि तिथे छातीचा सीटी स्कॅन काढला. एक बरगडी चिरली होती, बाकीच्या शाबूत. मी शर्टाची बटणं लावून उठतो आहे तोवर तो तपासणारा डॉक्टर पुन्हा पडद्याकडे वळला, आणि एकाएकी फार गोड बोलायला लागला. दादा, फिल्म वाचणारा माणूस गोड बोलायला लागला की समजावं, जोड गेला. आपणही ठेकेदाराच्या हातात नापासाची चिठ्ठी ठेवायच्या आधी त्याला चहा पाजत होतो. तो म्हणाला, उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक लहानशी गाठ दिसते आहे, अकरा मिलीमीटरची, घाबरायचं काही कारण नाही, पण छातीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. करायला गेलो काय आणि झालं काय. पंखा अजून अर्धाच पुसलेला आहे.

तेव्हापासून आमच्या घरात 'गाठ' हा शब्द कोणी उच्चारत नाही. तुमची बहीण 'ते' म्हणते. सूनबाई 'स्पॉट' म्हणते. चिरंजीव (जे कंपनीच्या कामावर सहा महिने समुद्रापलीकडे बसले आहेत आणि तिथून रोज फोनवर उंटावरून शेळ्या हाकतात) 'फाइंडिंग' म्हणतात. मी आपला धंद्यातला शब्द वापरतो, बुडबुडा. वितळलेल्या लोखंडात हवा अडकली की फिल्मवर असाच काळा ठिपका दिसायचा. (इथे तो पांढरा दिसतो. पण नाव एकदा पडलं ते पडलं.) मला बादलीला हात लावू देत नाहीत. जेवताना मागायच्या आधी वाढतात. परवा मी मुद्दाम टीव्हीच्या आवाजावरून भांडण उकरून काढलं, तर तुमच्या बहिणीने चक्क माघार घेतली आणि आवाज कमी केला. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. तेवढ्या वेळेपुरता मी खरोखर घाबरलो.

त्यात शेजारचे हेडमास्तर. ते निवृत्त आहेत आणि त्यांच्याकडे वेळच वेळ आहे. रोज चारच्या ठोक्याला येतात, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसतात आणि आपल्या एकेका नातेवाइकाची गोष्ट सांगतात. प्रत्येक नातेवाइकाला सुरुवातीला 'काहीच नव्हतं', आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट एकच. चौथ्या दिवशी त्यांनी आवाज खाली आणून विचारलं की मनात काही राहून गेलंय का, असेल तर सांगून टाकावं. मी म्हटलं, हो, राहून गेलंय, दोन वर्षांपूर्वी तुम्ही नेलेलं माझं ड्रिल मशीन. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन दारात हजर. या बुडबुड्याने आजवर माझं केलेलं एकमेव भलं हे.

मी कसा वागतो आहे तेही सांगतो, म्हणजे उगाच तुमच्या डोळ्यांपुढे मी अंथरुणावर पडलेला दिसायला नको. मी रोज तीन मजले चढतो आणि वर पोचल्यावर मुद्दाम शीळ घालतो, म्हणजे खालच्यांना ऐकू जावी. पेपरवाला वर्गणी न्यायला आला तेव्हा मी म्हटलं, दोन वर्षांची एकदम घे. सूनबाई आतून म्हणाली, 'बाबा, सध्या एकाच वर्षाची भरा ना.' मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी पेपरवाल्याला तीन वर्षांची भरली. तो बिचारा एकदा माझ्याकडे आणि एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत पावती लिहीत होता.

आता मुद्द्याकडे येतो. छातीच्या डॉक्टर म्हणजे एक तरतरीत बाई आहेत, सूनबाईच्याच वयाच्या. मला आवडल्या. कारण त्यांनी गाठ एकदा मोजली, मग पुन्हा मोजली, आणि दोन्ही आकडे लिहून ठेवले. सिगारेटचं विचारलं, मी म्हटलं एकोणीस वर्षांपूर्वी सोडली. तुमची बहीण शेजारून 'सतरा' म्हणाली. बाईंनी माझ्याकडे न बघता सतरा लिहिलं. मग त्यांनी मला कागदावर रस्ते काढून दाखवले. एक रस्ता असा की बरगड्यांमधून बारीक सुई घालून गाठीचा कण काढायचा आणि तपासायला पाठवायचा. त्यात फुप्फुसातून थोडी हवा गळायचा धोका असतो, पण सहसा निभावतं. दुसरा रस्ता तीन महिने थांबून पुन्हा स्कॅन काढायचा. वाढली असेल तर सुई, नसेल तर आणखी काही महिने नजर ठेवायची. गाठ निरुपद्रवीही असू शकते, एखाद्या जुन्या दुखण्याचा व्रण असतो तसा, आणि नसूही शकते, आज नुसतं बघून छातीठोक कोणी सांगू शकणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. (छातीच्या डॉक्टरने छातीठोक सांगायचं नाही, ही गंमत मी त्यांना ऐकवली. त्या हसल्या. तुमची बहीण हसली नाही.)

पण त्याआधी त्यांनी एक विचारलं. छातीची एखादी जुनी फिल्म आहे का? त्या म्हणाल्या, 'जुन्या फिल्मवर ही एवढीच दिसली तर आपण निवांत राहू. लहान दिसली तर मात्र थांबायचं नाही.' मी म्हटलं, जुनी फिल्म नाही. तुमची बहीण म्हणाली, आहे, हे दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा कारखान्यात सगळी तपासणी झाली होती, त्यात छातीचा एक्सरे होता. मी म्हटलं, असेल, पण तो कुठे आहे देव जाणे. बाई म्हणाल्या, शोधा. नाहीच मिळाली तर मग दोन्हींपैकी कोणता रस्ता घ्यायचा ते तुम्ही आम्ही बसून ठरवू, माझा कल सुईकडे आहे, पण तुम्हाला थांबायचं असेल तर तेही चालण्यासारखं आहे. हे शेवटचं वाक्य मी पक्कं लक्षात ठेवलं आहे. तुमच्या बहिणीने त्याच्या आधीचं लक्षात ठेवलं आहे.

झालं, दुसऱ्या दिवसापासून घरात शोधमोहीम. बरगडीमुळे मला वाकता येत नाही, म्हणून मला खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसवलं आणि मी तिथून हुकूम सोडत होतो. लोखंडी कपाट रिकामं झालं, माळा उतरवला, गाद्या उलट्या केल्या, बॅगांची अस्तरं चाचपली. मी म्हणायचो, आता शिवणयंत्राच्या खणात बघा, की दोघी तिकडे. मी म्हणायचो, पुस्तकांच्या मागे, की दोघी तिकडे. तीन दिवस चाललं. त्यात तीस वर्षांत हरवलेलं सगळं सापडलं. चिरंजीवांचं पाचवीतलं प्रगतिपुस्तक सापडलं (गणितात चौतीस, आणि शेरा 'लक्ष देत नाही', जो आजही लागू आहे). तुमच्या बहिणीचं एक कानातलं सापडलं, ज्यावरून तिने माझ्या आईशी दोन वर्षं अबोला धरला होता. तिने ते हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि पुन्हा पुडीत बांधून ठेवलं. आणि एक एक्सरे सापडला. सूनबाईने तो उजेडात धरला आणि पांढरी पडली. म्हणाली, बाबा, हा तर केवढा मोठा आहे. बघतो तर काय, तो तुमचा डावा गुडघा. ऑपरेशनच्या आधी तुम्ही इथे चार दिवस राहायला होतात तेव्हाचा. डोंगर पोखरून गुडघा निघाला म्हणायचा.

घरात मिळाली नाही म्हटल्यावर तुमच्या बहिणीने मला कारखान्यात पाठवलं. फाटकावर नवा पहारेकरी आहे. मी म्हटलं, अडतीस वर्षं याच फाटकातून ये-जा केली आहे. तो म्हणाला, 'आजोबा, भरती बंद आहे.' शेवटी आतल्या कारकुनाला बोलावलं, तेव्हा सोडलं. कारखान्याचा दवाखाना आता दुसऱ्या मजल्यावर गेला आहे आणि तिथे जुने कागद हवे असले तर अर्ज भरावा लागतो. अर्जात 'कागद कशासाठी हवा' असा रकाना होता. मी लिहिलं, स्वतःसाठी. कारकून म्हणाला, तसं चालत नाही, तीनच कारणं मंजूर आहेत, कोर्टकचेरी, विमा किंवा मृताचा वारस. पहिल्या दोन्हींना पुरावे जोडावे लागत होते. तेव्हा मी वारसावर खूण केली आणि स्वतःचाच वारस म्हणून स्वतःच्या फिल्मसाठी अर्ज केला. 'मृताशी नाते' या रकान्यात मी 'घनिष्ठ' लिहिलं. कारकुनाने शिक्का मारला. तासाभराने वही उघडून त्याने दाखवलं, 'फिल्म कामगाराने नेली', आणि खाली सही. सही माझ्यासारखी होती खरी. पण निवृत्तीच्या दिवशी माणूस तीस कागदांवर सह्या करतो, कुठे काय नेलं ते कोणाला आठवतं, असं मी घरी आल्यावर तुमच्या बहिणीला सांगितलं.

आलोच आहे तर म्हटलं आपली फिल्मची खोली बघून जावी. दादा, ओळखणार नाही तुम्ही. काळे पडदे गेले. आता तिघं जण पडद्यांसमोर बसून सगळं संगणकावर बघतात. तुमच्या जागेवर एक मुलगी असते, तिच्या कपाळाला तुमच्यासारखीच आठी पडते. फिल्म बघायची आपली दिव्याची पेटी कोपऱ्यात आहे आणि तिच्यावर एक कुंडी ठेवली आहे, रोपाला उजेड मिळतो म्हणून. मी कुंडी खाली ठेवली, दिवा लावला आणि माझ्या सीटी स्कॅनची फिल्म लावली. तिघंही आले. एकाने सवयीने मोजपट्टी काढली आणि बॉयलरच्या नियमाने हिशेब करून म्हणाला, एवढ्या जाडीला अकराचा बुडबुडा म्हणजे सरळ नापास, खरवडून काढायचा आणि जोड नव्याने मारायचा. मी त्याला म्हटलं, बाळा, नियम लोखंडाचा आहे. तो ओशाळला. त्या मुलीने विचारलं, आमच्याकडे अजून पद्धत आहे काका, एकाने वाचलेली फिल्म दुसरा वाचतो, पहिल्याने काय लिहिलं ते न बघता. तुमची दुसऱ्या कोणी वाचली का? मी म्हटलं, डॉक्टरांनी वाचली. ती म्हणाली, ही झाली आजची, आधीची कुठाय? एका फिल्मवर वाढ कशी कळणार? मी म्हटलं, नाही मिळत. तिने माझ्याकडे तुम्ही बघायचात तसं बघितलं. मी कुंडी पुन्हा जागेवर ठेवली आणि निघालो.

तेव्हा आता माझा निर्णय ऐका. फिल्म मिळत नाही. ज्याअर्थी मिळत नाही त्याअर्थी डॉक्टरीणबाईंच्याच म्हणण्याप्रमाणे थांबणं चालण्यासारखं आहे. मला खोकला नाही, दम लागत नाही, वजन उलट दोन किलो वाढलं आहे (मागायच्या आधी वाढल्यामुळे). मी तीन महिने थांबणार, आणि ते कॉटवर पडून नव्हे. पंख्याची उरलेली पाती पुसणार, स्टुलाचा पाय पुन्हा जोडणार, हेडमास्तरांच्या घरी रोज चार वाजता जाऊन त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसणार. माझ्या छातीत कोणी काय खुपसायचं ते मी ठरवणार. चिरंजीव फोनवर म्हणाले, बाबा, तुम्ही हट्टीपणा करताय. मी म्हटलं, हट्टी होतो म्हणून कारखान्याचा एकही बॉयलर फुटला नाही. सूनबाई म्हणाली, आईंचा तरी विचार करा. मी म्हटलं, तिचाच विचार करतो आहे. तर तुमच्या बहिणीचा फोन आला आणि 'दादा, तू तरी ह्यांना समजाव' असं ती म्हणाली, तर तुम्ही माझी बाजू घ्यायची. तीन महिने म्हणजे काहीच नाही, असं तुमच्या त्या जड आवाजात सांगायचं. तुम्ही पास म्हटलेलं ती अजून मानते.

बाकी विशेष काही नाही. गुडघ्यांना जपा. पत्राचं उत्तर पत्रानेच द्या, फोन ती उचलते.

तुमच्या बहिणीचा नवरा (अद्याप)

ता. क. वरचं सगळं वाचून पाहिलं. पत्र चांगलं झालं आहे, पण ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवायचं? फिल्म माझ्याकडे आहे. मी ज्या वेताच्या खुर्चीत बसून हुकूम सोडत होतो तिच्या गादीखाली आहे. पहिल्या दिवशी हॉस्पिटलातून आल्यावर दोघी औषधं आणायला गेल्या तेव्हा मी ती कपाटातून काढून तिथे ठेवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण त्या म्हणीतल्या माणसाला कळसा काखेत असल्याचं ठाऊक नसतं. मी त्यावर तीन दिवस बसलो होतो.

दुसरा ता. क. का ठेवली तेही लिहितो, नाहीतर तुम्हाला वाटेल सुईला भ्यालो. दोन वर्षांपूर्वी ती फिल्म घरी आणली तेव्हा मी सवयीने स्वयंपाकघराच्या खिडकीशी धरून वाचली. कारखान्याच्या डॉक्टरने 'छाती स्वच्छ' लिहिलं होतं. त्याच्या नजरेतून सुटला होता, माझ्या सुटला नाही. उजवीकडे वर, फासळीच्या सावलीला चिकटून, सहा मिलीमीटर. मी खणातून आपली पिवळी मेणाची पेन्सिल काढली, त्याच्याभोवती गोल केला, बाजूला 'चालेल' लिहिलं, आणि खाली सही आणि तारीख घातली. कोणाला दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी निरोपसमारंभ होता, तुमच्या बहिणीने नवी साडी आणली होती, आणि मला कोणाच्या तोंडून काही ऐकायचं नव्हतं. गेले अकरा दिवस मी स्वतःशी वाद घालतो आहे की एक्सरे वेगळा, सीटी वेगळा, मापं जुळायची नाहीत. पण सावली वस्तूपेक्षा मोठी पडते, लहान कधी पडत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. तेव्हा सहा दिसत होता तो खरा सहाहूनही लहान होता. म्हणजे वाढला आहे.

तर माझं खरं काम असं होतं. तुमचा गुडघा आमच्याकडे सापडला, तशी माझी छाती तुमच्याकडे सापडायला कोणाची हरकत नसावी. मी फिल्म या पत्राबरोबर पाठवतो. तुम्ही स्पिरिटच्या बोळ्याने तो पिवळा गोल आणि सही पुसायची (माझ्याच्याने पुसवत नाही, दोनदा बोळा हातात घेऊन झाला), आणि बहिणीला फोन करायचा की माझ्या कागदांत ह्यांची एक फिल्म आली आहे बघ. म्हणजे डॉक्टर सुई घालतील, आणि मला माहीत होतं हे तिला कधी कळायचं नाही. लिहायला लाज वाटते आहे, पण लिहिलं.

तिसरा ता. क. वरचा रद्द. फिल्म पाठवत नाही.

पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात तुमची बहीण चहा घेऊन आली. कोणाला पत्र म्हणून विचारलं, मी म्हटलं दादांना. ती कप ठेवून म्हणाली, 'त्याला लिहा, मी ठीक आहे म्हणून. उगाच काळजी करत बसेल.' आणि मी तिच्याकडे बघितलं. दादा, ती ठीक नाही. अकरा दिवसांत तिच्या हातातल्या बांगड्या सैल झाल्या आहेत. मी मघाशी मोठ्या रुबाबात लिहिलं की मी तीन महिने थांबणार. मी कुठला थांबणार? मला तर आकडा ठाऊक आहे. थांबायचं तिला आहे, रोज सकाळी उठून, माझ्या पानात वाढत, टीव्हीचा आवाज कमी करत. तिने मला छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या जोडांवर लाल शेरे मारताना बघितलं आहे. तिला ती फिल्म बघायचा हक्क आहे, गोलासकट आणि सहीसकट.

डॉक्टरीणबाईंकडे मी आत्ताच फोन केला. गुरुवारी सकाळी दहा वाजता जाणार आहे, फिल्म घेऊन, काही न पुसता. सुई कुठल्या दिवशी ते त्या सांगतील, मी नाही म्हणणार नाही. घरून निघायच्या आधी, नऊ वाजता, मी ती तुमच्या बहिणीच्या हातात देणार आहे. तुम्ही बुधवारी या. गुडघे दुखले तरी या, जिना मी धरून चढवीन. माझी बाजू घ्यायला नको, आता ती घेण्यासारखी राहिलेली नाही. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसा. ती मला बोलेल, बरंच बोलेल, आणि बोलू द्या, मध्ये पडू नका, तिने बोललेलं सगळं मला सोसेल. ती गप्प झाली तर मात्र तुम्ही काहीतरी बोला, कारण ती गप्प झाली की मला भीती वाटते.